‘कायम आहे का नाही, एवढंच सांग’

उदगीरहून एका मुलीचं पत्र आलंय. वय २४, बी.कॉम. झालेली, टॅली शिकलेली, पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्सला पहिलीच नोकरी मिळतीये. ऑफर लेटर चार पानांचं आणि सगळं इंग्रजीत. ती लिहिते, "ताई, त्यातले सात शब्द मी पेन्सिलने गोल केलेत. प्रोव्हिजनल, प्रोबेशन, फिक्स्ड टर्म, एक्सपायर, लॅप्स, टर्मिनेट, को-टर्मिनस. चुलतभाऊ म्हणतो सगळ्यांचा अर्थ एकच, टेम्पररी. बाबा रात्री जेवताना म्हणाले, मला ते बाकीचं काही सांगू नको, कायम आहे का नाही एवढंच सांग. मला तेच सांगता येईना. एचआरला फोन करायची लाज वाटते, म्हणतील हिला साधं इंग्रजी येत नाही. सात दिवसांत सही करून पाठवायचंय. करू का नको?"

तिला मी मेलवर लगेच उत्तर पाठवलं, कारण तिच्याकडे दिवस कमी होते. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण अशा कागदांपाशी अडलेली ती एकटी नाहीये.

अगं, आधी त्या लाजेचं बोलू. माझी पहिली नोकरी एका सरकारी ऑफिसात, हंगामी क्लार्कची. ऑर्डर २९ दिवसांची असायची. मग एक दिवस घरी बसायचं, त्याला तिथे ब्रेक म्हणायचे, आणि पुढच्या दिवशी नवी ऑर्डर. सायक्लोस्टाइल केलेला पातळ कागद, त्यात नाव आणि तारीख तेवढी शाईपेनाने भरलेली, आणि अगदी तळाला एक ओळ की सदर नियुक्ती निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची असून कोणतीही पूर्वसूचना न देता संपुष्टात आणता येईल. मी दर वेळी वरचं नाव आणि पगाराचा आकडा वाचायचे, तळाची ओळ कधी वाचलीच नाही. दोन वर्षं असं चाललं आणि एका महिन्यात नवी ऑर्डर आलीच नाही. मी तीन दिवस ऑफिसच्या व्हरांड्यात जाऊन बसत होते, मला वाटायचं टायपिंगला उशीर झाला असेल. तो कागद शुद्ध मराठीत होता गं. तरी मला कळला नव्हता. तेव्हा तुला हे शब्द अडले ते इंग्रजी कच्चं म्हणून नाही. हे कामाच्या कागदावरचे शब्द आहेत, ते कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत, मराठी शाळेत नाही आणि इंग्रजी शाळेतही नाही.

आता तुझ्या भावाचं म्हणणं. तो म्हणतो सगळ्यांचा अर्थ एकच. अर्धं बरोबर आहे त्याचं, हे सगळे शब्द "हे कधीतरी संपणार" एवढं सांगतातच. पण संपवणार कोण, हे प्रत्येक शब्द वेगवेगळं सांगतो, आणि तुझ्या कामाचं नेमकं तेच आहे. कुठे तारीख संपवते, कुठे माणूस संपवतो, कुठे आपलाच विसराळूपणा संपवतो, कुठे दुसरं काहीतरी संपलं की त्याच्याबरोबर आपलंही संपतं. म्हणून मी तुला सांगितलं की प्रत्येक गोलाशेजारी पेन्सिलनेच मराठीत लिही, कोण संपवणार? चार पानं आपोआप सुटी होतात.

एक्सपायर घे. आपल्याकडे हा शब्द घराघरात आहे, आजोबा एक्सपायर झाले म्हणतो आपण, नाहीतर ऑफ झाले म्हणतो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच श्वास बाहेर सोडणं, शेवटचा श्वास. कागदावर एक्सपायर म्हणजे तारीख आली आणि संपलं, कुणी काही केलं नाही, कुणाचा राग नाही, कुणाची चूक नाही. गोळ्यांच्या पाकिटावर छापलेलं असतं तसंच. (तिथे नुसता महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, बरेच जण १ तारखेलाच फेकून देतात.) तुझ्या लेटरमध्ये म्हटलंय की करार ११ महिन्यांनी एक्सपायर होईल. म्हणजे त्या दिवशी तुला कुणी बोलावून सांगेलच असं नाही, नोटीस येईलच असं नाही. फिक्स्ड टर्म हा शब्द त्याचाच जोडीदार, ठरावीक मुदत. दोन्ही गोलांपाशी लिही, तारीख संपवणार.

टर्मिनेट मात्र माणूस करतो. मूळ शब्द टर्मिनस, रोमन लोकांच्यात शेताच्या हद्दीवर रोवलेला दगड, त्या दगडाचा त्यांच्यात देवसुद्धा होता. आपल्या गावाकडे बांधावरून किती भांडणं होतात तुला माहितीये, तोच तो हद्दीचा दगड. मुंबईत बोरीबंदरला टर्मिनस म्हणतात ते यासाठीच, रूळ तिथे संपतात, पुढे गाडी जायला जागाच नाही. आता तुझ्या लेटरमध्ये म्हटलंय की दोघांपैकी कुणीही ३० दिवसांची नोटीस देऊन टर्मिनेट करू शकतं. दोघांपैकी कुणीही, हे नीट वाच. म्हणजे ११ महिने ही मुदत पक्की नाही, ती जास्तीत जास्त आहे, मध्येच कंपनी दगड रोवू शकते आणि तूही रोवू शकतेस. घरच्यांना वाटतं ११ महिने तरी नक्की, तसं नाहीये. धरून चालायचे ते नोटिशीचे ३० दिवस, आणि तेही को-टर्मिनसपाशी पुन्हा तपासायचेत. आणि एक, सस्पेंड झाला म्हणजे टर्मिनेट झाला असं लोक बोलून जातात, ते चुकीचं आहे. सस्पेंड म्हणजे निलंबित, नोकरी आहे पण टांगलेली आहे.

लॅप्सवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण या एका शब्दाने आमच्या घरात नुकसान केलंय. लॅप्सचा मूळ अर्थ घसरणं, पाय निसटणं. तारीख तर असतेच पण त्या तारखेच्या आत आपण काहीतरी करायचं असतं, ते केलं नाही म्हणून हातातून निसटतं. सरकारी मराठीत याला व्यपगत म्हणतात, तो शब्द मी नोकरीत शेकडो वेळा लिहिला असेल पण एकाही माणसाच्या तोंडून कधी ऐकला नाही. तर माझ्या मामांनी एक विमा पॉलिसी घेतली होती, एजंट घरी येऊन हप्ता न्यायचा. एजंट यायचा बंद झाला, मामांनी दोन हप्ते चुकवले, मग एक इंग्रजी पत्र आलं. पोस्टमनने वाचून सांगितलं, पॉलिसी लॅप्स झाली म्हणतायत. मामांना वाटलं लॅप्स म्हणजे संपली, मुदत भरली, पैसे बुडाले. त्यांनी बाँड पत्र्याच्या ट्रंकेत तळाला टाकला, वर रजया रचल्या, आणि नऊ वर्षांनी ते गेल्यावर मामीला तो सापडला. कुणी तेव्हाच सांगितलं असतं की लॅप्स झालेली पॉलिसी पुन्हा चालू करता येते, तर ती चालू राहिली असती. आजचा नियम सांगते. हप्त्याची तारीख गेली तरी साधारण ३० दिवसांची सवलत असते, महिन्याचा हप्ता असेल तर १५ दिवसांची, आणि त्यानंतर लॅप्स झाली तरी युनिट लिंक्ड, म्हणजे बाजाराशी जोडलेली, नसलेली साधी पॉलिसी पहिला हप्ता थकल्यापासून ५ वर्षांच्या आत थकबाकी आणि व्याज भरून जिवंत करता येते. तब्येतीचे कागद मागतील, पण करता येते. म्हणून लॅप्स हा शब्द दिसला की आपण दोन प्रश्न विचारायचे, कुठल्या तारखेच्या आत मी काय करायचं होतं, आणि आता परत मिळवायची वाट आहे का.

तुझ्या लेटरमध्ये लॅप्स कुठे आहे? पहिल्याच पानावर, सात दिवसांत सही करून नाही पाठवलं तर ऑफर लॅप्स होईल. त्या गोलापाशी लिही, मी संपवणार. सातही गोलांमध्ये हा एकच तुझ्या एकटीच्या हातातला आहे, आणि नेमका तिथेच लाजेपायी फोन न करता दिवस चाललेत. तू एक मेल करून शंका विचार आणि त्यातच लिही की उत्तर येईपर्यंत चार दिवस वाढवून द्या. बहुतेक ठिकाणी देतात. नाही दिले तरी विचारल्याने ऑफर जात नाही.

प्रोव्हिजनलला घाबरू नकोस. तुझ्याकडे विद्यापीठाचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट असेलच, पदवीदान होऊन खरं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत तेच चालतं ना? म्हणजे तुझी पदवी खोटी नाहीये, पक्का कागद यायचाय एवढंच. ऑफर प्रोव्हिजनल आहे म्हणजे ते तुझे मार्कशीट, पत्ता वगैरे तपासणार, ते झालं की हा शब्द गळून पडतो. इंटरिम त्याच्याच जवळचा, मधल्या काळापुरता, निवडणुकीच्या वर्षी अंतरिम बजेट येतं तसा. २०२४ मध्ये १ फेब्रुवारीला अंतरिम आलं आणि २३ जुलैला पूर्ण आलं, पूर्ण आलं की अंतरिमचं काम संपलं. अ‍ॅड हॉक म्हणजे तदर्थ, हा अनुवाद मला फार आवडतो कारण लॅटिनमध्येही "यासाठी" आणि संस्कृतातही "त्यासाठी", अक्षरशः तेवढ्यापुरता. आपल्या तात्पुरत्यामध्येही तो "पुरता" आहेच बघ.

पण मराठीचीही एक खोड सांगते, नाहीतर तुला वाटेल गोंधळ इंग्रजीतच आहे. हंगामी शब्द घे. तुमच्या लातूर भागातल्या साखर कारखान्यात हंगामी कामगार असतो, गळीत हंगाम संपला की घरी जातो आणि पुढच्या हंगामात परत येतो, मधल्या बिगर हंगामात त्याला रिटेन्शन अलाउन्स, म्हणजे बसून असल्याचा भत्तासुद्धा मिळतो. त्याचं हंगामी म्हणजे इंग्रजीतलं सीझनल, जे संपतं आणि पुन्हा येतं. आणि निवडणुकीनंतर विधानसभेत हंगामी अध्यक्ष असतो, नव्या आमदारांना शपथ दिली, नवा अध्यक्ष निवडला, की तो खाली उतरतो, परत येत नाही. शब्द एक आणि दोघांची गत वेगळी. मी हंगामी क्लार्क होते तेव्हा मला वाटत होतं मी कारखान्यातल्यासारखी हंगामी आहे, दर महिन्याला परत बोलावतील. मी दुसऱ्या प्रकारची होते.

प्रोबेशन म्हणजे परीक्षेचा काळ, कागदोपत्री मराठीत परिवीक्षा. इथे संपवणारी परीक्षा. तीन महिने संपले की आपोआप पास झालो असं धरून चालू नकोस. कुठल्या नियमात किंवा तुझ्या पत्रातच तसं स्पष्ट लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर कन्फर्मेशनचा लेखी कागद मागायचा. तुझ्या बाबतीत तर कन्फर्म झालीस तरी ती ११ महिन्यांच्या आतलीच कन्फर्म, हे घरी सांगताना विसरू नको.

आता राहिला को-टर्मिनस, जो तुझ्या भावाने वाचलासुद्धा नसेल. माझ्या मते त्या चार पानांत सगळ्यात जड शब्द हाच आहे. मंत्रालयात मंत्र्यांच्या ऑफिसात काही बाहेरची माणसं घेतात, त्यांची नेमणूक मंत्र्याच्या कार्यकाळाइतकीच, मंत्री गेले की त्याच दिवशी तीही गेली, त्यांच्या कामात काही खोट नसते. दोघांची हद्द एकच म्हणून को-टर्मिनस. तुझ्या लेटरमध्ये लिहिलंय की नेमणूक प्रोजेक्टशी को-टर्मिनस आहे. म्हणजे तुझं काम उत्तम असलं, ११ महिने भरायचे बाकी असले, तरी तो प्रोजेक्ट कंपनीकडून गेला तर तुझी नोकरीही गेली. तेव्हा विचारायचं हेच की प्रोजेक्ट किती दिवसांचा आहे, कधी सुरू झालाय, आणि तो संपला तर दुसऱ्या प्रोजेक्टवर घेता का, का सोडून देता, आणि तेव्हा ते ३० दिवस नोटिशीचे मिळणार का नाही. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घे.

११ महिन्यांबद्दल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झालेत, त्यात ठरावीक मुदतीच्या माणसाला एक वर्षाच्या नोकरीवर ग्रॅच्युइटी ठेवलीये, आधी साधारण ५ वर्षं लागायची. आता ११ महिने हे एका वर्षाला एक महिना कमी आहेत हे तुला दिसतंय ना. मुद्दाम केलंय असं मी म्हणणार नाही, बऱ्याच ठिकाणी जुन्या सवयीने ११ लिहितात. पण करार वाढवला तर मध्ये ब्रेक नको, सर्व्हिस सलग धरणार का, हे आत्ताच विचारून ठेव. मी त्या एका दिवसाच्या ब्रेकला सुट्टी समजत होते, आईबरोबर बाजारात जायचे.

पुण्यात खोली घेशील तिथेही तुला ११ महिनेच भेटतील, लिव्ह अँड लायसन्सचा करार. लोक सांगतील ११ महिन्यांचा आहे म्हणून रजिस्टर करायची गरज नाही. महाराष्ट्रात तसं नाही, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची. आणि हा करार एक्सपायर झाल्यावरही खोली सोडली नाही तर दुप्पट भाडं द्यावं लागू शकतं, तेव्हा नोकरीची तारीख आणि खोलीची तारीख दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेव, एक आधी संपली आणि दुसरी चालू राहिली तर पैसे कुठून द्यायचे हा प्रश्न पडतो.

मग बाबांचा प्रश्न. त्यांचं चूक नाहीये, त्यांच्या पिढीला दोनच खाने माहीत, कायम आणि बिनकायम. पण कायम म्हणजे तरी काय, परमनंट माणूसही ५८ नाहीतर ६० ला घरी येतो. परमनंटचा अर्थ संपत नाही असा नाही, शेवटाची तारीख लांब आहे आणि मध्येच संपवायला कारण दाखवावं लागतं असा आहे. बेमुदतचंही तेच, बेमुदत उपोषण म्हणजे मरेपर्यंत असं थोडंच असतं, तारीख ठरवलेली नाही एवढंच. माझी भाची लंडनला असते, तिला इनडेफिनिट लीव्ह टू रिमेन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले, कायमची झाली म्हणून. नंतर कळलं की सलग दोन वर्षांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं तर तेही लॅप्स होतं. बेमुदत आणि तरी लॅप्स!

आणि ज्या इंग्रजीची तुला लाज वाटतीये तिचीच एक गोष्ट. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात केंद्राच्या कारभारात इंग्रजी ठेवली ती १५ वर्षांपुरती, म्हणजे २६ जानेवारी १९६५ पर्यंत. त्यातच संसदेला ती पुढे चालू ठेवायची मुभा होती, १९६३ मध्ये तसा कायदा झाला आणि ती आजही आहे. फिक्स्ड टर्म होती आणि रिन्यू झाली. तुझ्या लेटरमधलं रिन्यूएबल हे तेच, फक्त त्याच्यापुढे लिहिलंय की वाढवायचं का नाही ते सर्वस्वी कंपनी ठरवणार. तो आठवा शब्द तू गोल करायचा राहिलीस. कोण संपवणार विचारलंस तसं इथे कोण वाढवणार ते लिही, कंपनी.

कुणी तुला सांगेल चिकटून राहा, आपोआप परमनंट करतील. माझ्याबरोबरचे काही जण त्याच आशेवर दहा-बारा वर्षं राहिले. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने उमादेवी खटल्यात स्पष्ट सांगितलं की सरकारी नोकरीत नुसतं खूप वर्षं तात्पुरतं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. खासगीत कायदे वेगळे, पण भरवसा ठेवायचा तो कागदावर.

माझं मत विचारशील तर सही कर. पहिली नोकरी आहे, अकाउंट्सचा अनुभव मिळेल, आणि तुझ्याकडे आत्ता दुसरी ऑफर नाही असं तूच लिहिलंयस. पण आधी मेल कर, साध्या वाक्यांत. प्रोजेक्ट कधी संपतोय? तो आधी संपला तर ३० दिवसांची नोटीस मिळेल का? करार वाढवणार का नाही हे किती दिवस आधी सांगाल? वाढवला तर सर्व्हिस सलग धराल का? पीएफ पहिल्या दिवसापासून कापणार ना? पीएफचा यूएएन नंबर एकदा मिळाला की तो नोकरी बदलली तरी तोच राहतो, आणि नोकरी सुटली की पैसे काढून मोकळी होऊ नकोस, नव्या ठिकाणी ट्रान्सफर कर, पेन्शनला एकूण १० वर्षं लागतात आणि ती वेगवेगळ्या नोकऱ्यांची मिळून धरतात. असे प्रश्न विचारणाऱ्या मुलीला एचआर अडाणी समजत नाही. मी त्या टेबलाच्या पलीकडे नंतर बरीच वर्षं बसले आहे, जी माणसं काहीच न विचारता सही करून जायची त्यांचीच मला काळजी वाटायची.

बाबांना सांग, "कायम नाहीये. ११ महिन्यांची आहे, त्याआधीही संपू शकते, पण महिनाभर आधी सांगतील असं मी लेखी मागितलंय." ते गप्प बसतील थोडा वेळ. बसू दे.

आणि सहीसाठी लेटरची दुसरी प्रिंट काढ. पेन्सिलचे गोल असलेली कॉपी तुझ्याजवळच ठेव, नवव्या महिन्यात ती परत काढून वाचायचीये.